कोरड्या हवेतली गिटार

काल सकाळी यंदा पहिल्यांदा घरातलं हीटिंग सुरू झालं. आधी बेसमेंटमधून एक खोल हुंकार येतो, मग पत्र्याच्या नळ्या कडकडतात आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून उन्हाळाभर साठलेल्या धुळीचा करपट वास घरभर पसरतो. आमच्या गावाची, ॲन आर्बरची थंडी बर्फानं सुरू होते असं लोक म्हणतात. माझ्या लेखी ती या वासानं सुरू होते. पुढच्या आठ-दहा दिवसांत ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक चटका बसतो, कणकेवर झाकण ठेवायला विसरलं की तिला साल धरते. रेवा घरात होती तेव्हा याच सुमाराला तिची इलेक्ट्रिक गिटार खरखरायला लागायची.

त्यात गूढ काही नाही. लाकडातलं पाणी जातं, एवढंच. गिटारची मान लाकडाची असते आणि तिच्यावर, सतारीला पडदे असतात तशा, धातूच्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या असतात. तारा या पट्ट्यांच्या जितक्या जवळ तितकं बोटांना कमी दाबावं लागतं, म्हणून वाजवणाऱ्याला त्या खाली हव्या असतात. पण छेडलेली तार हलते आणि तिला हलायला जागा लागते. जागा अपुरी पडली की ती पुढच्या पट्टीवर घासते आणि सुरात खर्र असा आवाज मिसळतो, मिक्सरचं झाकण नीट बसलेलं नसावं तसा. म्हणून मान अगदी सरळ ठेवत नाहीत. मध्ये किंचित खोलगट ठेवतात, डोळ्याला दिसणार नाही इतकी. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, तिच्या टोकाला ॲलन की लावून जरासं फिरवलं की ती खोली कमी-जास्त करता येते. हिवाळ्यात लाकूड सुकतं, मान ताठते, खोली जाते आणि तारा खरखरतात. मी गाड्यांच्या सीटा तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हे कळतं.

दर हिवाळ्यात रेवा गिटार आणून बेसमेंटच्या पायरीवर ठेवायची आणि म्हणायची, "आई, इट्स डुइंग दॅट थिंग अगेन." मी ती माझ्या कामाच्या टेबलावर घ्यायची, सळई सैल करायची, तारा पुन्हा सुरात लावायची, तारेखाली फीलर गेजच्या पातळ पात्या सरकवून अंतर मोजायची आणि परत पायरीवर ठेवून द्यायची. ती म्हणायची, "थँक्स." शाळेत जाणाऱ्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या नात्यात दरवर्षी एखादी अशी गोष्ट असणं, जी फक्त आईलाच येते, हे मला पुरेसं होतं. त्याहून जास्त मी मागितलं नव्हतं.

मग मृणाल आली. तिचा नवरा युनिव्हर्सिटीत दोन वर्षांच्या रिसर्चला आला होता, म्हणून ती पार पश्चिम किनाऱ्यावरच्या क्युपर्टिनोहून आमच्या रस्त्याच्या टोकाला भाड्याच्या घरात राहायला आली. मूळची मुंबईची, कामाला सॉफ्टवेअरमध्ये, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पहिल्या भेटीत मी वसुधाताई होते, तिसऱ्या भेटीत वसू. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी सकाळपासून राबून अळूवड्या न्यायची आणि ही दुकानातल्या चिरलेल्या फळांचा ट्रे वरच्या लेबलासकट टेबलावर ठेवायची. लोक म्हणायचे, वा, काहीतरी फ्रेश आणलंस. हातमोजे कधी घालायची नाही. दारात भेटली की तिचे बर्फासारखे हात सरळ समोरच्याच्या गालांना लावायची आणि हसायची. मला हे आवडत नसे, आणि घरातल्या कुणी तसं केलं असतं तर आवडलं असतं असंही वाटत असे. दोन्ही एकदमच.

तिच्याकडेही मधाच्या रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती आणि ती तिच्यावर जुनी भावगीतं वाजवायची. आमच्या दिवाणखान्यात तिनं पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी तिची बोटं पाहत होते. ती तारा दाबत नव्हती, नुसती टेकवत होती. तारा पट्ट्यांच्या इतक्या जवळ होत्या की मध्ये काही फट आहे हे लांबून कळत नव्हतं, आणि तरी एक खरखर नाही. माझा नवरा सुधीर डोळे मिटून बसला होता. रेवाचे डोळे उघडे होते, पण तिला आमच्यापैकी कुणीच दिसत नव्हतं.

त्या हिवाळ्यात रेवा शाळा सुटली की मृणालकडे जायला लागली. अकरावीतली मुलगी, जी मला पाच वाक्यांना एक शब्द परत द्यायची, ती तिथे तासन्‌तास बोलायची. आणि मराठीत. हे मला एकदा तिला आणायला गेले तेव्हा कळलं. दार उघडं होतं, आतून आवाज येत होता, "मावशी, थांब ना, हे परत दाखव, माझं बोट तिथे पोचतच नाहीये." कितीतरी वर्षं मी हिला रविवारच्या मराठी शाळेत नेलं होतं. गाडीत पुस्तक घेऊन समोरच्या पार्किंग लॉटमध्ये बसले होते. घरी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर यायचं आणि मी स्वतःची समजूत घातली होती की इथल्या मुलांचं असंच असतं. मला पाहताच रेवा म्हणाली, "ओह, हाय. गिव्ह मी अ मिनिट."

मला सख्खी बहीण नाही. तरी माझ्या मुलीला मावशी मिळाली, आणि त्यात मला कुणी विचारलं नाही.

लोक हेवा म्हणतात तेव्हा त्यात थोडं कौतुकही असतं. माझ्यात कौतुक नव्हतं. मी सरळ जळत होते. भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, लॅबमध्ये सीटवर वजन टाकणारं यंत्र दिवसभर उठबस करत असताना. मृणालमध्ये खोट शोधणं हे माझं त्या दिवसांतलं मुख्य काम होतं आणि ती सापडत नव्हती. ती उशिरा यायची, पण तोंडभर माफी मागायची. तिचं घर पसरलेलं असायचं, पण रेवाला तेच आवडायचं.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असतो. त्यात दोघींनी मिळून वाजवायचं ठरलं. आणि मग एका संध्याकाळी जेवताना रेवानं सांगितलं की तिच्या तारा फार उंच आहेत, तिला मावशीच्या गिटारसारख्या खाली हव्यात, आणि मावशी म्हणालीये की दे माझ्याकडे, मी करून देते.

मी वाढता वाढता थांबले. "तुझी गिटार मी करते," मी म्हटलं.

"आय नो. बट शी नोज हाउ इट शुड फील."

सुधीरनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच आमटी वाढून घेतली. त्याला समजलं होतं. गिटार एकदा त्या घरी गेली असती तर पुढच्या थंडीत बेसमेंटच्या पायरीवर काही आलं नसतं. मी रेवाला म्हटलं, शनिवारपर्यंत मला दे, नाही जमलं तर खुशाल ने.

शनिवारपर्यंत ती गिटार चार वेळा वर-खाली झाली असेल. मी ती टेबलावर उताणी ठेवायची, मानेच्या टोकाखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची, तारा सुरात लावायची आणि मोजायची. सळई इवलीशी फिरवायची. खालच्या टोकाला प्रत्येक तारेचे दोन बारीक स्क्रू असतात, ते फिरवून तार उतरवायची. पाती तारेखालून हवी तशी सरकायची. गिटार टेबलावर असतानाच मी एकेक पट्टी वाजवून पाहायची, आवाज स्वच्छ. वर नेऊन रेवाला द्यायची. ती मांडीवर घ्यायची, पहिला सूर वाजवायची आणि खर्र. ती नुसता खांदा उडवायची. तो खांदा मी मृणालच्या घरातून आलेला मानत असे.

कोरडेपणानं पट्ट्यांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर आली होती. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. हात फिरवला की ती टोचायची. माझेही हात त्या दिवसांत असेच होते, बोटांच्या पेरांवर चिरा, व्हॅसलीन लावून झोपायची. तिखटाच्या डब्यात बोट घातलं की जीव जायचा.

शनिवारी दुपारी दोघींचा सराव आमच्याकडे होता. मधेच इतका बर्फ सुरू झाला की मृणालनं तिची गिटार आमच्याकडेच ठेवली, गारठ्यात नेली तर बिघडेल म्हणाली, आणि डोक्यावर सुधीरची टोपी घालून चालत घरी गेली. रेवा तिला सोडायला गेली. सुधीर बाहेर फावड्यानं रस्ता मोकळा करत होता. मी तिची गिटार उचलली आणि बेसमेंटमध्ये नेली.

लॅबमध्ये आम्ही दुसऱ्या कंपनीची सीट आणून उसवून बघतो. ते रीतसर काम आहे. हे तसं नव्हतं, पण हात तेच करत होते. मी प्रत्येक तारेखालचं अंतर मोजलं. मग, स्पीकर न लावता, त्या गार शांत बेसमेंटमध्ये एकेक तार छेडली. ती खरखरत होती. बारीक, पण स्पष्ट. मृणालची गिटारही खरखरत होती. स्पीकरला जोडली की तेवढी खरखर ऐकू येत नाही, आणि तिचा हात हलका, म्हणून इतके महिने आम्हाला फसवलं होतं तिनं. त्या दुपारी मला जो आनंद झाला तसा आनंद फार थोड्या वेळा झालाय. मी वर येऊन स्वतःसाठी आलं घालून चहा केला.

रेवा परत आल्यावर मी शक्य तितक्या सहज म्हटलं, तुझ्या मावशीची गिटारसुद्धा खरखरते हं.

"आय नो," रेवा बूट काढत म्हणाली. "शी डझन्ट केअर."

चहा तसाच निवला.

तरी मी सोडलं नाही. मृणालच्या तारांची उंची जशीच्या तशी रेवाच्या गिटारवर उतरवली. आता तर आणखी वाईट झालं, आता ती स्पीकरमधूनही खरखरायला लागली. रविवारी मृणाल आपली गिटार न्यायला आली आणि मी कुठे आहे हे विचारून थेट बेसमेंटमध्ये उतरली. रेवा तिच्या मागे. टेबलावर पात्या, ॲलन की, टॉवेल, सगळं उघडं पडलेलं. मृणालनं रेवाची गिटार उचलली, पायरीवर बसली आणि वाजवली. एक खरखर आली असेल-नसेल. मग तिनं ती रेवाला दिली. रेवानं वाजवली, खर्र खर्र.

मृणाल हसली. "हात तुझ्यावर गेलाय हिचा," ती मला म्हणाली. "दार पण अशीच आपटतेस ना तू? तुमचं पुढचं दार माझ्या घरी ऐकू येतं."

रेवा म्हणाली, "ओ माय गॉड, येस."

"अगं, थोडी जवारी असू दे की, वसू," मृणाल म्हणाली. "तंबोऱ्यात आपण दोरा घालून मुद्दाम आणतो हा आवाज."

"तंबोऱ्यात आणतात," मी म्हटलं. "गिटारमधून काढतात."

पण तिचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. माझा हात. मी रेवाकडे पाहिलं. ती गिटार मांडीवर घेऊन वाकून बसली होती, उजवं मनगट ताठ, कणीक तिंबताना माझं असतं तसं. हलक्या हाताचं माप मी जड हाताला लावत होते. मी पाती घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, हलू नकोस, तशीच धर. तार दोन्ही टोकांना दाबायला सांगितली आणि मधल्या फटीत पाती सरकवून पाहिली. ती जाईना. टेबलावर सुळकन जाणारी पाती मांडीवर जात नव्हती.

त्या क्षणी मला माझी चूक दिसली आणि ती इतकी माझ्या धंद्यातली होती की लाज वाटायलाही उसंत मिळाली नाही. आम्ही लॅबमध्ये कुठलीही वस्तू आधी सपाट पृष्ठावर ठेवतो, मग मोजतो. गिटार उताणी ठेवली, टोकाखाली टॉवेल दिला, की मान मध्ये स्वतःच्या वजनानं जराशी खाली झुकते आणि खोली खोटी दिसते. मांडीवर ती आडवी, कुशीवर असते. तिथे खोली खरी तेवढीच उरते. ज्या स्थितीत वाजवायची त्याच स्थितीत मोजायला हवी. म्हणजे हे एकट्यानं बेसमेंटमध्ये करायचं काम नव्हतंच. एकीनं धरायची, दुसरीनं फिरवायची.

मृणाल जाते म्हणाली. मी तिला थांब म्हटलं नाही.

मग मी आणि रेवा बसलो. ती पायरीवर, मी खाली सिमेंटवर. सळई सैल करायची, ती तार लावणार, मी मोजणार, ती वाजवणार. इतक्या जवळ आम्ही कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो. तिच्या केसांना मृणालच्या घरातल्या उदबत्तीचा वास येत होता आणि मी तो सहन केला. मध्येच ती म्हणाली, "वन मोअर?" मी म्हटलं, अर्धाच. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता?" मी मान वर केली नाही. मान वर केली असती तर ती परत इंग्रजीत गेली असती. तारा मृणालच्या तारांपेक्षा केसभर उंच राहिल्या. त्याहून खाली त्या हाताला झेपल्याच नसत्या, आणि रेवालाही पुन्हा त्या खाली हव्याशा वाटल्या नाहीत.

संक्रांतीचा कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात झाला. दाराशी बर्फात घालायच्या बुटांचा ढीग आणि आत काळ्या साड्या. दोघींनी वाजवलं. गाणं कसं झालं ते मला सांगता येणार नाही, मी फक्त खरखर ऐकत होते आणि ती आली नाही. नंतर एक काकू मृणालचा हात हातात घेऊन म्हणाल्या, पोरीला काय तयार केलंस गं. मृणालनं लगेच सांगितलं की गिटार वसूनं लावलीये, आठवडाभर खपत होती. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, हो, आईची मदत असतेच. मृणालनं माझी बाजू घेतली हे मला काकूंच्या वाक्यापेक्षा जास्त झोंबलं. तिनं ते ओठातच ठेवलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात मृणाल क्युपर्टिनोला परत गेली. मी तिला पोळ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली, विमानतळावर सोडलं आणि घरी येऊन बेसमेंट झाडून काढलं. नंतरचे हिवाळे चांगले गेले. रेवा इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकली, घरून बसनं जायची, आणि थंडी पडली की दोघी पायरीवर बसायचो. ती धरायची, मी फिरवायची.

मग तिला सांता क्लाराला नोकरी लागली.

नकाशावर बघितलं. सांता क्लारा आणि क्युपर्टिनो एकमेकांना टेकून आहेत. रविवारी फोन येतो तेव्हा मागे पंखा फिरत असतो, कुणीतरी फोडणी देत असतं, आणि रेवा म्हणते, मावशीकडे आहे. आता सरळ मराठीत म्हणते. तिकडे हिवाळ्यातही खिडक्या उघड्या असतात म्हणे, स्वेटर लागला तर लागला. मी पहिल्या वर्षी विचारलं, गिटार कशी आहे? "इथे काही होतच नाही तिला," ती म्हणाली. "बारा महिने तशीच."

माणसाचा हेवा करणं मला जमतं, सवय आहे. पण एका गावच्या हवेवर जळणं मला नवीन होतं. ती हवा माझ्या मुलीच्या लाकडाला धक्का लावत नाही, म्हणून तिथे माझं काही काम निघत नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही. सुधीरला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, चांगलंच आहे की.

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती घरी आली तेव्हा गिटार बरोबर होती. बॅग उघडली तशी मी सवयीनं पाहिलं. तारा खाली होत्या, माझ्या मापापेक्षाही खाली. वाजवली, स्वच्छ. हात हलका झाला होता.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच. सळई पण फिरवली."

"आणि धरली कुणी?"

"मावशीनं," ती म्हणाली.

मी कुकरची शिट्टी झाली का बघायला गेले. शिट्टी झाली नव्हती.

त्या आठवड्यात आमचा ह्युमिडिफायर बिघडलेला होता. हवेत पाणी सोडणारं ते साधं यंत्र, थंडीत दिवाणखान्यात ठेवतो, नाहीतर घसा सुकतो. सुधीर नवा आणतो म्हणत राहिला आणि आणला नाही. रेवा परत जायच्या आदल्या सकाळी मी सिंकपाशी उभी होते आणि वरून आवाज आला, खर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. मग जिन्यावर पावलं. ती बेसमेंटच्या पायरीवर बसली, गिटार मांडीवर घेऊन.

"आई, बघतेस जरा?"

मी हात पुसले. घाई केली नाही.

नवा ह्युमिडिफायर नंतर आणला. चांगला आहे, आवाज करत नाही. रेवा येत्या बुधवारी येतेय, गिटार घेऊन. सुधीरनं काल दोनदा विचारलं, ह्युमिडिफायर वर आणून भरून ठेवू का, पोरीचा घसा धरेल. मी म्हटलं, राहू दे, त्याला गळती लागलीये, कार्पेट भिजेल. तो बरं म्हणाला आणि गेला.

गळती लागलेली नाही.